भाडं आणि कायक

मुलाचा प्रस्ताव असा: पुण्यात वाकडला 70 लाखांचा फर्निचरसकट तयार फ्लॅट. भाडेकरू आधीपासूनच राहतोय, भाडं 20 हजार, वसुलीपासून दुरुस्तीपर्यंत सगळं एजन्सी बघणार. "आई, तुला भाडेकरूचं तोंडही बघावं लागणार नाही."

हिशेब मी मांडला. वर्षाचं भाडं किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्या आतच. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, कमिशन आणि रिकामा गेलेला एखादा महिना वजा. प्राप्तिकरात 30 टक्के सरसकट वजावट मिळते, जागेचा भाव वाढण्याची आशाही असते. गुडघे दुखणाऱ्या पेन्शनर बाईला बिनकटकटीची मिळकत हवीशी वाटतेच. माझं मन अडतं ते तोंड न बघण्यापाशी.

मी सोलापूरच्या बाळीवेशीतल्या लिंगायत घरात वाढले. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना घेऊन तळं खणलं, ही आमच्या गावाची श्रद्धा. पोट कायकावर, म्हणजे प्रामाणिक कष्टावर भरावं, उरेल ते दासोहात, म्हणजे इतरांसाठी द्यावं, ही शरण संतांची शिकवण. आजी आयदक्की मारय्यांची गोष्ट सांगायची. बसवकल्याणात सांडलेले तांदूळ वेचणं हे त्यांचं कायक. एकदा त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले, तर पत्नी लक्कम्मांनी ते परत नेऊन टाकायला लावले. नवऱ्याला असं सुनावणारी ती बाई मला फार मोठी वाटते.

मग भाडं हे कायक होऊ शकतं का? होऊ शकतं, मालकानं घर राखलं तर. पावसाळ्याआधी गच्ची बघणं, मोटार जळली की माणूस धाडणं, नोकरी गेलेल्याकडे महिनाभर तगादा न लावणं. नेमके हेच कष्ट घेणाऱ्याला पडू नयेत, म्हणून तर तो तयार फ्लॅट विकला जातोय. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदासुद्धा करार नोंदवायची जबाबदारी घरमालकावरच टाकतो.

मुलगा विचारतो, "बँकेतलं व्याज कुणाच्या घामाचं, हे तरी तुला कुठं ठाऊक आहे?" प्रश्न खरा आहे. त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पण ठेवीत कुणी राहत नाही, घरात राहतं. जानेवारी 2024 मध्ये सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात 15,000 घरं कामगारांना मिळाली. त्यांत विडी वळणाऱ्या कितीतरी बाया होत्या. स्वतःच्या घराचं मोल त्यांना विचारावं; भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागतं. एवढी हुकमत हाती असताना ती परक्या एजन्सीवर सोपवून मोकळं होणं मला अधर्म वाटतो.

घ्यायचंच तर जुळे सोलापुरात दोन खोल्या बघ, रिक्षानं जाता येईल अशा, आणि खर्च जाऊन उरेल त्यातला हिस्सा दासोहाला, असं मी त्याला सांगितलंय. वाकडच्या एजंटला त्यानं अजून नकार कळवलेला नाही.