ड्रमवरची खूण आणि स्मृती

चुंबकीय ड्रम म्हणजे लोहचुंबकीय लेप दिलेला, सतत फिरणारा धातूचा दंडगोल. ऑस्ट्रियाच्या गुस्ताव्ह टाउशेक यांनी १९३२ मध्ये त्याची रचना केली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून आलेल्या एचईसी-२एम या संगणकात असाच १०२४ शब्दांचा ड्रम होता. लेपावर उमटलेली खूण वीज गेली तरी टिकते आणि वाचल्याने पुसली जात नाही. मग तिला स्मृती म्हणता येईल का?

न्याय-वैशेषिक परंपरेत स्मृती ही संस्कारातून उपजते. तिथे संस्काराचे तीन प्रकार मानले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग जड द्रव्यात राहतो. अनुभवाची खूण असलेली भावना मात्र केवळ आत्म्यात राहते, आणि उद्बोधक, म्हणजे तिला जागे करणारे निमित्त, भेटेपर्यंत ती सुप्त असते. ड्रममध्ये वेगही आहे आणि सुप्त खूणही. आयबीएम ६५० या संगणकाचा ड्रम मिनिटाला १२,५०० फेरे घेई. वाचनाच्या हेडखालून निसटलेला शब्द परत यायला सुमारे ४.८ मिलिसेकंद लागत. म्हणून प्रत्येक आज्ञेतच पुढच्या आज्ञेचा पत्ता लिहिलेला असे. एक काम संपते न संपते तोच पुढची आज्ञा हेडखाली यावी, अशा बेताने जाणकार तिची जागा ठरवत. उद्बोधकाची वेळ इतकी काटेकोर साधूनही हेडखाली येते ती खूणच. नैयायिकांच्या लेखी स्मृती हे ज्ञान आहे, आणि ज्ञानाला ज्ञाता लागतो. ही अट ड्रम पुरी करत नाही.

जड वस्तूवरच्या खुणेची किंमत मात्र याने कमी होत नाही. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे नि सारखे असावे, ओळी सरळ याव्यात, मजकुराभोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील, इतक्या बारकाईने तिथे सांगितले आहे. आणि हाच ग्रंथ प्रचीतीवाचूनचे ज्ञान व्यर्थ ठरवतो. रामदासांच्या या भूमिकेत खूण जपण्याची कळकळ आणि ज्ञात्याचा आग्रह एकत्र नांदतात. यंत्राच्या साठ्याकडे पाहण्याची हीच दृष्टी सर्वांत समंजस वाटते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाने प्रश्न आणखी अवघड केला. त्याच्या स्मृतिकोशात फेराइटच्या बारीक कड्या होत्या. अशी कडी वाचली की तिच्यातली खूण नाहीशी होते आणि लगेच पुन्हा लिहावी लागते. टिकते ते खुणेचे रूप. मूळ खूण उरत नाही. क्षणिकवादी बौद्धांनी संतानाची कल्पना मांडली ती याच अंगाने : पूर्वक्षण नष्ट होतो, त्याच्यासारखा उत्तरक्षण उपजतो, आणि स्मरणाला कायमचा आत्मा लागत नाही. नैयायिकांचा त्यावरचा आक्षेप कड्यांनाही लागू पडतो : एकाने अनुभवले ते दुसऱ्याला कसे आठवेल? कड्यांपुरते उत्तर सोपे आहे, कारण तिथे अनुभवणारा कोणीच नाही. माणसाच्या बाबतीत हा वाद आजही मिटलेला नाही.