श्रीशैलाहून परत पाठवलेला मुलगा

सिद्धरामेश्वरांची कथा सोलापुरात ज्याला त्याला पाठ असते. बाराव्या शतकातलं सोन्नलगी गाव, तिथला गुरं राखणारा एक अबोल मुलगा. मल्लय्या नावाचा एक भुकेला पाहुणा रानात येऊन त्याच्याकडे हुरडा मागतो, मग दहीभात मागतो. मुलगा धावत घरी जाऊन दहीभात आणतो, तोवर पाहुणा निघून गेलेला. त्याला शोधत पोरगा यात्रेकरूंच्या मागे थेट श्रीशैलाला पोचतो, तिथेही मल्लय्या सापडेना म्हणून कड्यावरून उडी घ्यायला निघतो, आणि तिथला देव मल्लिकार्जुन त्याचा हात धरतो.

पुढचा भाग आपण भरभर सांगून टाकतो. मल्लिकार्जुन त्या मुलाला जवळ ठेवून घेत नाही. आपल्या गावी परत जा, तिथेच श्रीशैल उभं कर, असं सांगतो. मुलगा परत येतो, माणसं गोळा करतो, तलाव खोदतो, पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापतो. आजचं सिद्धेश्वराचं देऊळ त्या पाण्याच्या मधोमध आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर माझी सही लागते, म्हणून ही कथा मला नुसती ऐकून सोडून देता येत नाही. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. आमचे लिपिक त्यात वर्षानुवर्षं ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच लिहीत आले आहेत. पालकांना विचारलं तर बहुतेकांचा पुढचा पत्ता पुण्याचा: वाकड, हडपसर, वाघोली. 2001 साली सोलापूरची लोकसंख्या 8,72,478 होती, 2011 साली ती 9,51,558 झाली. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम 9 टक्के वाढ, आणि त्याच काळात राज्याची जवळपास 16. आकडे वाचताना मला माझे हजेरीपट दिसतात.

या गावाने पडझड खूप पाहिली. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल गेली, पुढे लक्ष्मी-विष्णूही गेली, भोंग्यांवर चालणारं गाव यंत्रमागांच्या खडखडाटावर चालू लागलं. मग जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांच्या यादीत पुण्याबरोबर सोलापूरचंही नाव आलं आणि लोकांच्या आशा पालवल्या. पार्क स्टेडियमचं रूप पालटलं, रस्ते झाले, दिवे लागले. यातलं काहीच मला वायफळ वाटत नाही. संध्याकाळी मुलांना घेऊन फिरायला जागा असणं ही मोठी गोष्ट आहे.

पण शहर सावरलं की तरुण घरं राहतात का? 2020 च्या टाळेबंदीत माझा एक जुना विद्यार्थी बायको-मुलीसह पुण्याहून परत आला. वडिलांचे टॉवेलचे माग, घर दाजी पेठेत. मुलीला दुसरीत आमच्याकडे घातलं. शाळा उघडली तशी ती आजीशी तेलुगू, मैत्रिणीशी हिंदी आणि माझ्याशी मराठी बोलायला लागली, एका वाक्यात तिन्ही भाषा मिसळून. मला वाटलं, हे घर आता इथेच रुजणार. दोनेक वर्षांनी तो दाखल्याचा अर्ज घेऊन आला. कंपनीला तो सोलापुरात राहिला तरी चालणार होतं. मी विचारलं, “अरे, मग का?” तो म्हणाला, “बाई, पाण्याचा वार बघून मीटिंग लावता येत नाही. ही रात्री दोनला उठून मोटार लावते. तिने अजून किती वर्षं उठायचं?”

उजनीचं धरण आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि आमच्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवस पाणी येत नाही. ज्या गावाच्या संताने आधी तलाव खोदला, त्या गावातली तरुण बाई पाण्यापायी झोप मोडते, हे मला धर्माचंच अपयश वाटतं. सिद्धरामांनी भक्ती आणि पाणी यांचे दोन कप्पे केले नव्हते. ते आपण नंतर केले.

जन्मगावी राहणं हा माणसाचा धर्म आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. सिद्धराम स्वतः पुन्हा गाव सोडून गेले. परंपरा सांगते की शरण संत अल्लमप्रभू आले, खोदकामात गुंतलेल्या या योग्याला त्यांनी खडसावलं आणि कर्नाटकातल्या कल्याणला नेलं. तिथे चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली. शरणांच्या विचारात कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच पूजा. ती पुण्याच्या हिंजवडीतही घडते. त्यामुळे निघालेल्या मुलांना ‘मातीशी बेइमान’ म्हणणारी भाषणं मला सहन होत नाहीत. रोज सकाळी पुण्याला सुटणाऱ्या गाडीला आपण हुतात्मा एक्स्प्रेस म्हणतो. स्वातंत्र्यलढ्यातले आमचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. ते चौघे गावासाठी मेले. त्यांच्या नावाच्या गाडीतून नोकरीला जाणारा मुलगा गावाचा गुन्हेगार होत नाही.

मग बंधन कोणावर? माझ्या मते गावावर. मल्लिकार्जुनाने मुलाला परत पाठवताना कसली लालूच दाखवली नव्हती, त्याच्यावर काम सोपवलं होतं. आपण मात्र तरुणांसमोर सोयींची यादी धरतो, आणि सोयींच्या शर्यतीत पुणं नेहमीच पुढे राहणार. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बघा: पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज पेलतात, आठवडे आधीपासून गल्ल्यांतून सराव करतात, आणि अक्षता टाकायला संमती कट्ट्यापाशी अख्खं गाव लोटतं. माझा तो विद्यार्थीही दर जानेवारीत रजा काढून येतो. तिथे त्याचं काही काम असतं, म्हणून येतो. यात्रा संपली की गावाला त्याची गरज उरत नाही. मंडळं, पेढ्या, विश्वस्त समित्या, सगळीकडच्या खुर्च्यांवर माझ्या वयाची माणसं बसलेली. पस्तिशीतल्या माणसाला आम्ही वर्गणी मागतो, मत विचारत नाही.

शाळेपुरतं मी एवढं केलं की व्यवस्थापन समितीतल्या तरुण पालकांच्या हाती शाळेच्या पाण्याचा प्रश्न खर्चाच्या वहीसकट दिला. त्यांनी महिनाभर वाद घातला, गच्चीचं पावसाचं पाणी बोअरकडे वळवायचं ठरवलं आणि रविवारी स्वतः खड्डा खणला. एका आईने पाइपाचा उतार चुकलेला पकडला. गवंड्याने तो निमूटपणे पुन्हा केला. या उन्हाळ्यात टँकर कमी लागले. नळाचं पाणी रोज यावं ही मागणी काही त्याने सुटत नाही, ती धसास लावलीच पाहिजे आणि तिच्यासाठी मी म्हातारपणीही मोर्च्यात चालेन.

खणणाऱ्यांपैकी एकाने जूनमध्ये दाखला नेला. मी सही केली आणि समितीवर त्याच्या जागी कोणाला घ्यावं हे त्यालाच विचारलं. त्याने पहिलीतल्या एका मुलीच्या आईचं नाव दिलं.