जे घडले नाही त्याचा हिशेब

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक बंगाली कुटुंब राहते. अमावास्येच्या रात्री आमच्याकडे लक्ष्मीची पूजा असते आणि त्यांच्याकडे कालीची. पण पाडव्याच्या सकाळी दोन्ही देवींच्या भक्तांना एकाच डब्यातली चकली चालते. त्या घरच्या कर्त्या गृहस्थांना आम्ही सारे 'दादा' म्हणतो. गेल्या पाडव्याला ते फराळाला आले तेव्हा त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून आलेले मेहुणेही होते. दोघेही मोहन बागानचे भक्त. तेव्हा भांडण होणार नाही, अशी माझी भाबडी समजूत. पण दोन पंथांच्या माणसांपेक्षा एकाच पंथाची दोन माणसे अधिक कडाक्याने भांडतात, हे मी विसरलो होतो.

वाद असा : मोहन बागानचा आजवरचा सर्वश्रेष्ठ बचावपटू कोण?

दादांचे उत्तर तयार होते. गोष्ठ पाल! 1896 साली जन्मलेला, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे या क्लबात आलेला आणि बूट घातलेल्या गोऱ्या पलटणींपुढे अनवाणी पायांनी उभा राहिलेला फुलबॅक. लोकांनी त्याला 'चीनची भिंत' म्हटले. 1962 साली त्याला पद्मश्री मिळाली. फुटबॉलपटूला मिळालेली ती पहिली पद्मश्री.

मेहुण्यांनी करंजीचा तुकडा खाली ठेवला. "जर्नेलसिंग!" ते म्हणाले. 1962 च्या जाकार्ता एशियाडमध्ये डोक्याला खोक पडून टाके घालावे लागले, तेव्हा प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीला खेळवले. त्या जखमी डोक्यानिशी त्याने उपान्त्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला. भारताने तो सामना 2-1 असा जिंकून सुवर्णपदक मिळवले.

मला मात्र यात एक गंमत दिसली. बचावपटूचे थोरपण सिद्ध करण्यासाठी मेहुण्यांनी जे पुरावे काढले, ते त्याने बचाव सोडून जे केले त्याचे! मी तसे म्हणताच दादा खूश झाले. पण "मग तुमच्या गोष्ठबाबूंनी नेमके काय केले ते सांगा," असे म्हटल्यावर तेही अडखळले. भिंतीने काय केले, ते कसे सांगणार? भिंत उभी होती, एवढेच सांगता येते.

खरी अडचण इथेच आहे. गोल करणाऱ्याचा हिशेब सोपा असतो; तो फळ्यावर लिहिला जातो. 1911 साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी केलेले ते दोन गोल बंगालमध्ये आजही सांगितले जातात. पण त्या दिवशी मागे सुधीर चटर्जी आणि भूती सुकुल हे दोन बॅक होते, हे किती जणांच्या ओठांवर येते? सुधीर चटर्जींचे नाव निघते ते बहुधा, त्या संघात पायांत बूट असलेले ते एकटेच होते, म्हणून. त्यांनी किती चेंडू अडवले, ते कुणी मोजले नाही. बचावपटूचे काम, काही तरी घडू न देण्याचे. आणि जे घडलेच नाही ते मोजायचे कसे? ते त्याच्यामुळे घडले नाही, की नशिबाने, की समोरचाच चुकला म्हणून?

हा प्रश्न मला नुसत्या खेळाचा वाटेना. त्याचे कारण माझ्या घरातलेच आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेले काही मैल रुळांवरून चालायचे, सैल झालेली चावी ठोकून बसवायची, फिशप्लेटचे बोल्ट पाहायचे आणि परत यायचे. पावसाळ्यात कधी कधी रात्रीची गस्तही असे. रुळावर धोका दिसला तर गाडी थांबवण्यासाठी त्यांच्याजवळ फटाके दिलेले असत. ते रुळावर बांधायचे. त्यांवरून इंजिन गेले की बार होतो आणि ड्रायव्हर सावध होतो. बापाजवळ फटाके असावेत आणि त्याने ते दिवाळीतदेखील वाजवू नयेत, हा आम्हां मुलांना मोठाच अन्याय वाटे. ते फटाके त्यांना साऱ्या नोकरीत कधी वाजवावे लागले नाहीत.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा मी कॉलेजात होतो. निरोपाच्या चहाला मला चार शब्द बोलायला सांगितले. कुठला तरी प्रसंग, कुठला तरी पराक्रम सांगावा म्हणून मी आठवू लागलो, आणि मला काहीच आठवेना. शेवटी मी म्हणालो, "अण्णांच्या नोकरीत सांगण्यासारखे असे काही घडले नाही." मी ते क्षमा मागितल्याच्या सुरात म्हटले. लोक हसले. अण्णाही हसले. अण्णा आता नाहीत. पण तो माझा सूर मला अजून ऐकू येतो.

पाडव्याच्या त्या वादात मी हे बोलून दाखवले. तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली आई म्हणाली, "पावसात रात्री उशिरा आले की मी विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, काही नाही. मग मला झोप लागायची."

मला वाटते, हिशेबाचे सूत्र आईच्या या वाक्यात आहे. राखणदाराने काय अडवले ते मोजता येत नाही, पण त्याच्या जिवावर इतरांना काय करता आले ते दिसते. मागे भक्कम बॅक असला की हाफ निर्धास्तपणे पुढे सरकतात, आघाडीवाल्यांना मान वळवून पाहावे लागत नाही. त्यांच्या त्या न वळलेल्या मानेत बॅकचे थोरपण असते. गाडीत गाढ झोपलेला उतारू चावीवाल्याला ओळखत नाही. पण त्याची झोप ही त्या हातोड्याची पावती आहे.

"म्हणजे मग श्रेष्ठ कोण?" दादांनी मला सोडले नाही. निर्णायक मत माझे होते.

मी तिसरेच नाव घेतले : शैलेन मन्ना. 1942 पासून 1960 पर्यंत हा फुलबॅक मोहन बागानचाच राहिला. पोटासाठी भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरी केली, क्लबाकडून खेळाचे पैसे घेतले नाहीत, असे सांगतात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध त्याच्या हातून पेनल्टी वाया गेली आणि भारत 2-1 असा हरला. 1951 साली दिल्लीच्या पहिल्या एशियाडमध्ये तोच कर्णधार होता, आणि अंतिम सामन्यात इराणला 1-0 असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. 1952 साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढवले. तेव्हाही कर्णधार तोच. त्यानंतरही कितीतरी वर्षे तो आपल्या जागेवर उभा राहिला.

"चुकला म्हणून श्रेष्ठ?" मेहुण्यांनी विचारले.

चुकला म्हणून नव्हे. चुकीनंतर परत त्याच जागी येऊन उभा राहिला म्हणून. राखणदाराने शंभर वेळा राखले तर ते कुणी लिहून ठेवत नाही, एकदा निसटले तर मात्र ते कायमचे लिहिले जाते. हा सौदा अन्यायाचा आहे हे ठाऊक असूनही जो दुसऱ्या दिवशी हातोडा खांद्यावर टाकून निघतो, त्याला मी थोर म्हणतो. आघाडीवाल्याचा पराक्रम एका क्षणात मावतो. राखण ही नित्याची सवय आहे. तिची परीक्षा वर्षांनीच होते.

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण गोष्ठबाबूही वीसेक वर्षे उभे होतेच की! आणि तुम्ही मत दिलेत ते माणसाला. पायांना नाही."

त्यांचे दोन्ही आक्षेप बरोबर होते. चेंडू अडवण्याचे कसब आणि अडवत राहण्याचे धैर्य हे गुण वेगळे आहेत, आणि मी एकाच्या नावावर दुसऱ्याला गुण दिले होते. शिवाय, गोष्ठ पालला मैदानावर पाहिलेला आमच्यात कोणीच नव्हता. अनवाणी पायांचा काळ आणि बुटांचा काळ, दोन बॅकांची जुनी रचना आणि जर्नेलसिंगची मधली जागा, यांना एका तराजूत घालणारा काटा माझ्याजवळ नाही. तेव्हा वाद पुढच्या पाडव्यापर्यंत तहकूब झाला.

पण माझे एक काम झाले. जे वाक्य मी निरोपाच्या चहाला मान खाली घालून बोललो होतो, ते आज मला ताठ मानेने बोलता येते. अण्णांच्या नोकरीत काही घडले नाही.

दादा आणि मेहुणे जायला उठले. भिंतीपलीकडे त्यांचे पुन्हा सुरू झालेले आवाज ऐकून आईने विचारले, "काय रे झालं?"

मी म्हणालो, "काही नाही."