मालगाडीला वेळापत्रक नसते

“अहो, त्या लाइनवर गाड्याच कुठे असतात?”

रुळावर बसून फोटो काढणारी पोरे आणि अचानक आलेली मालगाडी, ती चित्रफीत तुम्ही पाहिलीच असणार, तिचे आणखी वर्णन करत बसत नाही. पोरे वाचली, हे फार बरे झाले. पण तेव्हापासून हे एक वाक्य माझी पाठ सोडत नाही. वाण्याच्या दुकानात ऐकले, बसच्या रांगेत ऐकले, घरी जेवताना पाहुण्यांकडूनही ऐकले. आणि त्याला हमखास जोडून येते, “मालगाडीच तर होती.”

हा ‘च’ मला सहन होत नाही.

मला तो जास्त लागला, कारण या रविवारी मी आणि माझी भाची आदर्कीला जाणार आहोत, मालगाड्या पाहायला. पुणे–मिरज मार्गावर लोणंद सुटले की सालपे, मग आदर्की, पुढे वाठार. गाडी इथे डोंगराला वळसे घालत चढते. एखादी एक्स्प्रेस निघून गेली की पुन्हा वारा, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि लांबवर कुणाची तरी मोटार चालू झाल्याचा आवाज. मी त्या शांततेसाठीच जातो. तिचाच आधार घेऊन कोणी रुळावर पाय पसरून बसावे, हे मला सोसत नाही.

गाड्या नसतात, हे यांनी कशावरून ठरवले? मोबाइलवरून. मोबाइलमध्ये प्रवासी गाड्यांच्या वेळा असतात. मालगाडीची वेळ तिथे नसते, कारण ती बहुधा कुठेच छापलेली नसते. खताची रेक भरून कधी होईल, इंजिन कुठून मिळेल, लोको पायलट आणि गार्ड ड्यूटीवर कधी चढतील (२०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, मी गार्डच म्हणतो), पुढच्या स्टेशनात लूप, म्हणजे बाजूची लाइन, मोकळी आहे का, मागून एक्स्प्रेस येते आहे का, हे सगळे जुळले की कंट्रोल तिला सोडतो. ती पहाटे तीनला येईल, दुपारी बाराला येईल, एकीच्या मागे दुसरी येईल किंवा दिवसभर येणार नाही. म्हणजे ज्या मार्गावर गाडी कधी येईल हे अजिबात सांगता येत नाही, त्याच मार्गावर ‘आत्ता येणार नाही’ असे हे लोक छातीठोक सांगतात. गजबजलेल्या मार्गावर माणूस निदान मान तरी वळवतो. इथे त्याने शांततेलाच वेळापत्रक मानले. विहिरीत सकाळपासून कोणी पडले नाही, म्हणून कठड्यावर झोपायचे, त्यातली ही अक्कल आहे.

आणि मालगाडी हळू येते म्हणे! मैदानी भागात ती ताशी ७५ किलोमीटरने धावते. सेकंदाला वीस मीटर. वळणाआडून दोनशे मीटरवर इंजिन दिसले तर तुमच्या हाती दहा सेकंद उरले, आणि त्यातले निम्मे कॅमेरा सावरण्यात जातात. पूर्वी डिझेल इंजिन घाट चढताना त्याची धडधड आधीच कानावर यायची. विद्युतीकरण झाल्यापासून तो आवाज उरला नाही. जिथे दुसरा रूळ पडला आहे, तिथे एका गाडीच्या खडखडाटात दुसरी ऐकूही येत नाही.

उघड्या वाघिणींची पूर्ण गाडी म्हणजे ५९ वाघिणी. (डबे नव्हेत. इतका सुंदर शब्द मराठीत असताना डबे का म्हणायचे?) लांबी सुमारे ७०० मीटर, भरलेली असेल तर वजन पाच हजार टनांच्या आसपास. ब्रेक लावल्यावर ती थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकते. लोको पायलटच्या हाती हॉर्न आणि ब्रेक, एवढेच असते. वळवायला स्टिअरिंग नसते. माणूस रुळावर दिसल्यापासून पुढचे सगळे त्याला डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. एवढ्या चर्चेत त्याच्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

‘फोटोपुरतेच उतरलो’, ‘सगळेच जातात’ या सबबींना उत्तर द्यावे असे मला वाटत नाही. १९८९च्या रेल्वे कायद्यात १४७वे कलम आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यांना ते पुरे.

पण एका ठिकाणी माझे तोंड बंद होते. रूळ गेला आणि शेताचे दोन तुकडे झाले, असा शेतकरी कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन रोज रूळ ओलांडतो. फाटक दोन किलोमीटरवर. त्याला मी पुण्याहून येऊन काय सांगणार? त्याला भुयारी वाट द्यावी, एवढेच म्हणता येते. आणि तोही दोन्हीकडे पाहून, भरभर पाय उचलत पार होतो. तिथे बसत नाही.

रविवारचे ठरले आहे. सकाळच्या पॅसेंजरने जायचे. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचे आणि दोनच तासांचे, म्हणून स्टेशनात ठाण मांडायचे नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याला विचारले आहे. रेल्वेच्या हद्दीबाहेर त्याच्या कांद्याच्या शेताचा उंच बांध आहे, तिथून सबंध वळण दिसते. सिग्नलही दिसतो. तो बदलला की वही उघडायची. टँकरच्या, सिमेंटच्या, साखरेच्या वाघिणी मोजायच्या, प्रकार लिहायचे, शेवटच्या वाघिणीवर ‘एल.व्ही.’ची (लास्ट व्हेइकल) पाटी आहे ना ते पाहायचे आणि गार्डला हात करायचा. बहुतेक गार्ड हात करतात. रूळ तपासत जाणारा चावीवाला दिसला तर भाचीला दाखवायचे आहे की तो चालताना किती वेळा थांबून मागे पाहतो. त्याच्याइतका तो रूळ कोणाच्या पायाखालचा नाही.

भाकरी, ठेचा, चहाचा थर्मास, दोन पेन्सिली. भाचीने काल विचारले, “मामा, दिवसभरात एकही आली नाही तर?”

“तर भाकरी खाऊ, आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने घरी येऊ.”