उत्तर बरोबर, पण कितपत?

मुंबईतल्या अंधेरी, बोरिवली, विद्याविहारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत न्यूमेरिकल मेथड्स शिकणारी मुलं कॅल्क्युलेटर घेऊन, समीकरणाचं मूळ टप्प्याटप्प्याने शोधणाऱ्या न्यूटन-राफसन पद्धतीचं कोष्टक भरतात. चार दशांश स्थळं जुळली की थांबायचं, उत्तराभोवती चौकट काढायची आणि पुढच्या गणिताला लागायचं. त्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा, हे बहुधा कुणी विचारत नाही. माझ्या मते हा विषय तिथेच सुरू होतो.

दहावीतलं वर्गसमीकरण घेऊ: क्ष² − १०००क्ष + १ = ०. प्रत्येक पायरीला पाचच सार्थ अंक ठेवून नेहमीच्या सूत्राने सोडवलं, तर वर्गमुळाखालचे ९९९९९६ हे १०००००० होतात, वर्गमूळ १००० येतं आणि लहान मूळ (१००० − १०००)/२ म्हणजे शून्य निघतं. खरं मूळ ०.००१च्या जवळ आहे. सूत्र निर्दोष, आकडेमोड निर्दोष, तरी उत्तर पार चुकलं. कारण जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की खरे अंक एकमेकांना खोडतात आणि पूर्णांकनाची त्रुटी तेवढी शिल्लक राहते. उपाय सोपा आहे. दोन्ही मुळांचा गुणाकार १ असतो, म्हणून १ला मोठ्या मुळाने, १०००ने, भागायचं. ०.००१ हातात येतं. संगणकाला पाचाऐवजी पंधरा-सोळा अंक मिळतात, पण अंकांची मर्यादा त्यालाही असतेच.

दुसरी त्रुटी पायरीच्या लांबीची. सलग बदलणारी गोष्ट तुकड्यातुकड्यांनी मोजली की मधलं काही निसटतं. तुकडे बारीक केले तर ही त्रुटी घटते, पण आकडेमोड वाढते आणि तिच्याबरोबर पूर्णांकनाच्या त्रुटीही साचत जातात.

तुकड्यांच्या मधलं निसटतं हे किती खरं आहे, ते मुंबईच्या उपनगरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात तो ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. मिठी नदीकाठचा कुर्ला-कलिना परिसर बुडाला. एवढ्या पावसाची पूर्वसूचना मिळाली नव्हती. हवामानाचं प्रारूप नकाशाची चौकटींत विभागणी करून गणित करतं. सांताक्रूझ आणि कुलाबा एकाच चौकटीत आले, तर त्या दोन ठिकाणांतला फरक गणितात उरतच नाही.

चौकट लहान करणं महाग पडतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेली, २०२५मध्ये वापरात आलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरच्या चौकटी वापरते. आधी त्या १२ किलोमीटरच्या होत्या. बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात. शिवाय गणित स्थिर राहावं म्हणून काळाची पायरीही साधारण तेवढीच लहान करावी लागते. म्हणजे काम जवळपास आठपट. एवढं करूनही सांताक्रूझ ते कुलाबा या अंतरात जेमतेम चार चौकटी बसतात.

गणिताने हवामानाचा अंदाज बांधण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या लुईस फ्राय रिचर्डसनने २० मे १९१०च्या युरोपातल्या हवेचं गणित हाताने केलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार वाढेल, असं उत्तर आलं. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. सुरुवातीच्या नोंदींतल्या असमतोलाने गणितातला दाबाचा बदल फुगवला होता. रिचर्डसनने ते उत्तर लपवलं नाही. १९२२च्या ग्रंथात ते सविस्तर छापलं आणि चूक कुठून आली असावी याचाही ऊहापोह केला. पुढे तीच पद्धत सुधारून जगभरातले अंदाज उभे राहिले. छापलेल्या चुकीवर दुसऱ्याला काम करता येतं. दडवलेल्या चुकीवर येत नाही.

म्हणून वर्गातल्या प्रत्येक उदाहरणाखाली एक ओळ सक्तीची असावी असं मला वाटतं: या उत्तरातले किती अंक खरे, आणि ते कशावरून? या ओळीला गुणही द्यावेत. पाढ्यासारखी पाठ केलेली पद्धत परीक्षेनंतर विसरली जाईल, पण हा प्रश्न विचारायची सवय लागलेला विद्यार्थी पुढे पुलावरचा भार काढो, औषधाची मात्रा ठरवो वा पावसाचा इशारा देवो, आकड्याबरोबर त्याची मर्यादाही सांगेल. लोकांचे जीव ज्या आकड्यावर अवलंबून असतात, तो आकडा सांगणाऱ्याचं हे पहिलं कर्तव्य आहे.