घर कोणाचे?

माळव्यातील धारचे आणि देवासचे पवार हे एकमेकांचे भाऊबंद. देवासला तुकोजी व जिवाजी या दोघा भावांपासून दोन गाद्या झाल्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी. शहर एकच, पण एकाच रस्त्याच्या एका बाजूस एका पातीचा अंमल, तर समोर दुसरीचा!

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांनी नवा राजवाडा बांधावयास घेतला. १९२१ साली इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर हे त्यांचे खासगी चिटणीस होते. वाडा पुरा होण्याआधीच त्याचे काही भाग ढासळत असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. पुढे संस्थान कर्जात बुडाले. महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले व १९३७ साली तेथेच वारले. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. मग रस्त्याच्या मधली ती सीमा कुठे राहिली?

तो वाडा कोणाचा म्हणावा? कागदोपत्री महाराजांचा. पण संस्थानाचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः रयतेने भरलेला सारा.

राजेरजवाड्यांना हसणे सोपे आहे. आम्हीही वडिलार्जित अंगणात भिंत घालतो, मंडळीच्या जागेवरून कज्जे करतो. घर आपणांस थोडा काळ सांभाळावयास मिळते, एवढेच. आधी त्यासाठी कोण खपले आणि आपल्यामागे तेथे कोण राहणार, या दोहोंची आठवण जो ठेवतो, तोच विश्वासू कारभारी. आपल्या घरी ही आठवण कोण ठेवतो?