गाडी हवा घेते तेव्हा

जुन्या गाडीचे बहुतेक दोष ती पळताना कळतात. वेग वाढला की चाकाचं बेअरिंग घोंगावतं, चढावर क्लच घसरतो. इंजिनातली हवेची गळती मात्र गाडी उभी राहिली की कळते. सुरतच्या रिंग रोडवर पुलामागून पूल पार करताना काहीच जाणवत नाही. उधना दरवाज्याला थांबावं लागलं की इंजिन वरखाली होतं, थरथरतं, कधी बंदच पडतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. थांबलेल्या गाडीत थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन खाली जाताना हवा मागतो आणि ती त्याला एका बारीक फटीतून मिळते. साहजिकच मॅनिफोल्डमधला दाब बराच उतरतो. इंजिन हवा ओढतं असं आपण सहज बोलतो, पण खरं काम बाहेरच्या वातावरणाचं आहे; दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा भार घेऊन ते जिथे वाट मिळेल तिथून आत घुसतं. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं टॉरिचेलीने १६४४ मध्येच एका पत्रात लिहिलं होतं. सुरत तर जवळजवळ समुद्रसपाटीलाच. इथे निरोगी इंजिनाला व्हॅक्यूम गेज लावलं तर आयडलिंगला काटा साधारण १८ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. तीच गाडी पुण्याला नेली तर काटा दोनेक इंच खाली दिसेल, आणि त्यात गाडीचा काही दोष नसेल.

कार्ब्युरेटर आपल्या घशातून गेलेल्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो. वजनात पाहिलं तर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. एखाद्या तडकलेल्या नळीतून चोरवाटेने हवा आली, की तिचा हिशेब त्याच्याकडे नसतो. मिश्रण पातळ होतं, एखादा सिलिंडर पेट घेत नाही, न जळलेलं पेट्रोल तसंच धुराड्यातून बाहेर जातं आणि पीयूसीच्या वेळी आकडा वाढतो. वेगात भोक तेवढंच असतं. पण झडप उघडी असल्याने योग्य मार्गाने इतकी हवा येत असते की चोरवाटेची हवा त्यात हरवून जाते. म्हणून मालक म्हणतो, गाडी रस्त्यावर मस्त चालते हो, फक्त सिग्नलला त्रास देते.

अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे आयडलिंगचा स्क्रू फिरवून रेस वाढवून देणं. मला हा उपाय अजिबात मान्य नाही. इंजिन बंद पडायचं थांबतं, मालक समाधानाने घरी जातो, आणि गळती जागच्या जागी राहते. पेट्रोल वाढतं, इंजिन तापतं, आणि पुढचा मिस्त्री तो चढवलेला स्क्रू पाहून वेगळ्याच दिशेला शोधत बसतो.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागात खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. उधन्यातल्या एका गॅरेजमध्ये धुळ्याकडच्या एका मिस्त्रींना मी ही शोधाशोध करताना पाहिलं. तरुणपणी ते लूमच्या कारखान्यात होते; त्या खडखडाटात नेमका कुठला लूम बिघडलाय हे कानाने ओळखायचे. बॉनेट उघडून ते नुसते उभे राहिले. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं मॅनिफोल्डभोवती हळूहळू फिरवलं. इंजिनाच्या आवाजाखालची बारीक सूं तिच्यातून वेगळी ऐकू येते. "हाई गाडी हवा खाई ऱ्हायनी," ते म्हणाले आणि पकडीने एकेक नळी चिमटू लागले.

टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डला येणारी नळी, इंजिनातली वाफ परत जाळायला नेणारी, चिमटल्याबरोबर इंजिन शांत झालं. काढून पाहिली तर वरून काळीभोर, चांगली दिसणारी. तेलाच्या वाफेने आतून फुगलेली, आणि वाकवल्यावर बाकाच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर. जिथे नजर जात नाही आणि उष्णता सर्वांत जास्त लागते, नेमकं तिथे. नवी नळी बसली, फरक पडला. कुणीही इथे हात पुसले असते. त्यांनी स्क्रू खाली घेतला आणि पुन्हा ऐकलं. मग कार्ब्युरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या कडेने साबणाचं पाणी सोडलं. पंक्चरसारखे बुडबुडे इथे येत नाहीत, कारण हवा आत जात असते. पाणीच आत खेचलं जातं, फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. एका कोपऱ्यात तो बदलला. दुसरी गळती तिथे होती.

काही जण याच कामासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिन, शेजारी प्लगच्या वायरी. हे कोणी करू लागलं तर त्याला थांबवायला हवं. मोठ्या गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून आत हलक्या दाबाने धूर सोडतात, तो जिथून बाहेर येईल तिथे गळती. तीही चांगली रीत आहे. एवढं काही नसेल तर प्लग काढून बघावेत: एकच प्लग पांढुरका निघाला, तर त्या सिलिंडरच्या वाटेवर हवा घुसते आहे.

सुरतेत सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्या खूप. किट बसवताना मध्ये मिक्सर येतो किंवा मॅनिफोल्डला भोकं पाडून नोझल बसतात, नळ्या कापून टी जोडले जातात. प्रत्येक जोड ही हवेला नवी वाट. किटवाल्या गाडीत शोध तिथूनच सुरू करावा असं मी म्हणेन.

आणि एक नळी अशी आहे जिच्याबाबत चालढकल करूच नये: मॅनिफोल्डवरून ब्रेकच्या बूस्टरला जाणारी. तीच फाटली तर इंजिन थरथरणं ही किरकोळ गोष्ट ठरते. ब्रेक दगडासारखा कडक होतो. आखाजीला, दिवाळीला इथली माणसं व्यारा, सोनगड, नवापूर करत गावाकडे निघतात आणि वाटेत कोंडाईबारीचा घाट लागतो. गाडीला बूस्टर असेल तर निघण्याआधी दारातच पाहून घ्यावं. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरूनच चावी फिरवा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर त्या दिवशी एसटीने जा.